घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी कमी खर्चात कॉम्प्युटर जमवताना

आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्यासारखं खेळाचं मशीन, घरी बनवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास "प्रोसेसर कुठला घेऊ?" असा येतो. मी तो मुद्दाम मागे ठेवला. आधी खेळांची यादी, मग स्क्रीन, मग जॉयस्टिक-बटणं आणि उरलेल्या पैशांत कॉम्प्युटर, या क्रमानं खर्च आटोक्यात राहतो. उलटं केलं की भारी ग्राफिक कार्ड येतं आणि जॉयस्टिक मात्र हलकी लागते. हात तर सारखा जॉयस्टिकवरच असतो.

यादी खरंच कागदावर लिहावी. 1980 चा पॅक-मॅन, 1991 चा स्ट्रीट फायटर 2, निओ जिओ या जुन्या गेम सिस्टीमवरचे खेळ, एवढंच हवं असेल तर दहा-बारा वर्षं जुना ऑफिसचा डेस्कटॉप पुरून उरतो. यादीत 1997 च्या एनएफएल ब्लिट्झसारखे थ्रीडी खेळ आले की हिशेब बदलतो.

याचं कारण माम या एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या आर्केड मशीनची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, कामाच्या पद्धतीत आहे. मूळ आर्केड बोर्डावर दोन-तीन चिप एकमेकींशी ताल धरून चालतात. तो ताल जसाच्या तसा राखायचा म्हणून मामचं बहुतेक काम एकापाठोपाठ एक होतं. चार कोर असोत की आठ, कामाचा असतो एका कोरचा वेग. ग्राफिक कार्ड फक्त तयार झालेलं चित्र ताणून पडद्यावर टाकतं, फार तर त्यावर जुन्या टीव्हीच्या ट्यूबसारख्या रेषा चढवतं. म्हणून जुना सहा कोरचा संथ प्रोसेसर घेण्यापेक्षा दोन कोरचा जास्त गिगाहर्ट्झवाला बरा, अर्थात दोन्ही एकाच पिढीचे असतील तर. वेगळ्या पिढ्यांचे नुसते गिगाहर्ट्झ ताडून पाहण्यात अर्थ नाही.

जुनं मशीन घेण्याआधी तपासायची सोपी युक्ती म्हणजे मामचा बेंच हा पर्याय. यादीतला सगळ्यात जड खेळ घ्यायचा, कमांडमध्ये त्याच्या नावापुढे बेंच आणि 120 असा आकडा द्यायचा. माम पडदा आणि आवाज बंद ठेवून खेळाची 120 सेकंदं जमेल तितक्या वेगानं पळवतं आणि शेवटी सरासरी टक्केवारी सांगतं. 100 टक्के म्हणजे मूळ मशीनइतका वेग. मी 150 च्या खाली आलेलं मशीन घेत नाही, कारण या चाचणीत चित्र काढण्याचा भार धरलेला नसतो आणि सरासरीत अवघड क्षण लपून जातात. 20-30 सेकंदांवर भागवू नका. तेवढ्या वेळात कित्येक बोर्डांची मेमरी-तपासणीच चालू असते, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच निकाल हातात पडतो.

मी निवडला तो इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-5 4590 प्रोसेसर असलेला लहान आकाराचा ऑफिस डेस्कटॉप. मूळ वेग 3.3 गिगाहर्ट्झ, टर्बोत 3.7. कंपन्या अशी मशीन एकगठ्ठा काढून टाकतात, त्यामुळे केस, पॉवर सप्लाय आणि रॅमसकट मिळतात. सुटे पार्ट जोडून हा भाव साधत नाही.

अशा ब्रँडेड मशीनचा मदरबोर्ड बाहेर काढून कॅबिनेटच्या फळीवर ठोकायचा मोह होतो. तो आवरा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स 9020 सारख्या मॉडेलात मदरबोर्डाला नेहमीची 24 पिनांची जोडणी नसून 8 पिनांची असते, त्यामुळे बाजारातला साधा पॉवर सप्लाय लागत नाही. पुढच्या पॅनेलची वायर कंपनीच्या स्वतःच्या मांडणीची असते. वर केसचा पंखा सापडला नाही की काही मशीन सुरू होतानाच अडून बसतात आणि कीबोर्डवरचं बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाहीत. कॅबिनेटमध्ये कीबोर्ड कुठला? अख्खी केस आत आडवी ठेवली तर यातलं काहीच उद्भवत नाही. पॉवरचं बटण बाहेर आणायचं असेल तर केसच्या मूळ बटणाच्या दोन टोकांना समांतर दोन वायरी डाग देऊन काढायच्या आणि एका साध्या आर्केड बटणाला जोडायच्या.

रॅम 8 जीबी, पण 4-4 च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक हीच रॅम वापरतं, एकाच पट्टीवर त्याचा वेग बराच पडतो. 240 जीबीची एसएसडी पुरते. डिस्कवरून चालणाऱ्या खेळांच्या इमेज फाइली मोठ्या असतात, त्या यादीत असतील तरच मोठी घ्या. मशीन उघडलंच आहे तर प्रोसेसरची पेस्ट आणि मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदलून टाका. सेल संपला की बायॉसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग पुसली जातात, आणि कॅबिनेट त्यातल्याच एका सेटिंगवर उभं असतं, ते पुढे येईलच.

वेगळं ग्राफिक कार्ड सेगाच्या नाओमी किंवा मॉडेल 3 बोर्डांचे खेळ (ते मामऐवजी ग्राफिक कार्ड वापरणाऱ्या दुसऱ्या एम्युलेटरवर चालवतात) हवे असतील, किंवा ट्यूबचा हुबेहूब भास देणारे जड शेडर, म्हणजे चित्रावर परिणाम चढवणारे छोटे प्रोग्राम, लावायचे असतील तरच घ्या. लहान केसमध्ये बुटक्या पट्टीचं, वेगळी पॉवर वायर न लागणारं कार्डच बसतं. एनव्हिडियाचं जीटी 1030 त्यात बसतं, पण त्याचे दोन प्रकार आहेत: जीडीडीआर5 मेमरीचा आणि डीडीआर4 चा. दुसरा चांगलाच मंद आहे. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचूनच घ्यावं.

स्क्रीनवर जरा रेंगाळायला हवं. जुने खेळ 4:3 चे. 19 इंची चौकोनी एलसीडी, 1280 गुणिले 1024 वाला, 5:4 असतो, म्हणजे वर-खाली बारीक काळी पट्टी येते, एवढंच. त्याची उंची साधारण 30 सेंटिमीटर भरते. रुंद 24 इंची मॉनिटरचीही तेवढीच, म्हणून 4:3 चं चित्र दोन्हीवर जवळपास सारखंच दिसतं. फरक रुंदीचा. रुंद पॅनेल 53 सेंटिमीटर खातं, चौकोनी 38. टेबलावर ठेवायच्या छोट्या कॅबिनेटला चौकोनीच सोयीचा.

पॅक-मॅनसारख्या उभ्या खेळांसाठी मॉनिटर 90 अंशांत फिरवणार असाल तर टीएन प्रकारचं एलसीडी पॅनेल टाळा. ते वर-खालून पाहिलं की रंग बदलतं. फिरवल्यावर तोच दोष डावी-उजवीकडे येतो आणि शेजारी उभ्या दोन खेळाडूंना वेगवेगळे रंग दिसतात. आयपीएस प्रकारच्या पॅनेलला हा त्रास नाही. मागे 100 मिलिमीटर चौरसावर चार एम4 स्क्रूची भोकं आहेत ना, हेही पाहा. आणि विकत घेतानाच एक चाचणी करा: मॉनिटर चालू असताना प्लग खेचा, परत लावा. तो आपणहून चालू झाला तरच घ्या, नाहीतर दर वेळी पाठीमागे हात घालून बटण दाबावं लागेल.

कंट्रोलसाठी, म्हणजे जॉयस्टिक-बटणं यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडायला, स्वस्तातला झिरो डिले बोर्ड चालतो, प्रत्येक खेळाडूला एक. दोन्ही बोर्ड कॉम्प्युटरला हुबेहूब एकच दिसतात, म्हणून रीस्टार्टनंतर कधीकधी पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. कुठला बोर्ड कुठल्या खेळाडूचा हे मामच्या कंट्रोलर फाइलमध्ये बांधून देता येतं. कीबोर्डची नक्कल करणारा एकच आयपॅकसारखा बोर्ड घेतला तर हा घोळ मुळातच होत नाही, पण मग विंडोजमध्ये स्टिकी कीज ही सोय आधी बंद करा. मामचं चौथं बटण म्हणजे डावी शिफ्ट. ती लागोपाठ पाच वेळा दाबली की ऐन लढाईत पडद्यावर सूचना उगवते. वायरीच्या टोकाच्या क्लिपा बटणाच्या पात्याप्रमाणे मागवा: सान्वा पद्धतीच्या बटणांना 2.8 मिलिमीटर, मायक्रोस्विचवाल्या जाड बटणांना 4.8.

चौथ्या पिढीचं मशीन विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून मी बाटोसेरा ही खेळांसाठीच बनवलेली लिनक्स सिस्टीम टाकतो. त्याची मूळ सिस्टीम फक्त वाचता येईल अशा स्वरूपात असते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी ती सहसा बिघडत नाही. हायस्कोर आणि सेटिंगचा भाग मात्र वेगळा असतो आणि त्यावर लिहिलं जातं, तेव्हा मेनूतूनच बंद करायची सवय लावा.

आता ते बायॉसचं सेटिंग. "वीज परत आल्यावर" या अर्थाचा जो पर्याय असतो तो "चालू" वर ठेवायचा. मग भिंतीवरचं एक बटण दाबलं की मॉनिटर, दिवे, कॉम्प्युटर एकदम जागे होतात. कॉम्प्युटर बंद असतानाही कंट्रोल बोर्डावरचा दिवा पेटलेला राहत असेल तर यूएसबीला मिळणारी स्टँडबाय वीज बायॉसमधून तोडता येते.

हवेसाठी मागच्या फळीत खाली जाळी आणि वर एक 120 मिलिमीटरचा पंखा, 12 ऐवजी 7 व्होल्टवर, आवाज येत नाही. फळी लावून दोन-तीन तास जड खेळ चालवा आणि तापमान बघा. 80 अंशांच्या वर जात असेल तर जाळी मोठी करा.

आवाजासाठी पीएएम8403 चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन 4 ओहमचे स्पीकर पुरतात. त्याला 5 व्होल्ट कॉम्प्युटरच्याच यूएसबीतून दिले की बहुतेक वेळा गुणगुण येते आणि पडद्यावर काही हललं की तिचा सूर बदलतो. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचं अर्थिंग सामायिक असल्यामुळे हे होतं. अ‍ॅम्प्लिफायरला 5 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडाप्टर द्या. तरीही गुणगुण राहिली तर ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.