तुम्ही विचारलेत म्हणून: सनद मिळाली, आता नोकरी कुठे?

मुलाला किंवा मुलीला सनद, म्हणजे वकिलीची नोंदणी मिळाली, आता नोकरी कुठे मिळेल, हा प्रश्न नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मला सतत विचारला जातो. कधी निफाडहून तारखेला आलेले पक्षकार आपल्या लेकीसाठी विचारतात, तर कधी नव्याने सनद घेतलेले विद्यार्थी स्वतःच येतात. पुकारा होण्याच्या घाईत दिलेले उत्तर अर्धेच राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. पदवी आणि सनद प्रत्येक उमेदवाराकडे असते. निवड अडते ती वकिलीच्या वर्षांपाशी आणि त्या वर्षांच्या पुराव्यापाशी. त्यामुळे पहिली तीन वर्षे कनिष्ठ न्यायालयात, चांगल्या सिनिअर वकिलाच्या हाताखाली काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सनदेविषयी थोडक्यात. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार खुल्या प्रवर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपये आहे आणि वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्य बार कौन्सिलला त्याहून अधिक शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे लागते. कायद्याची मूळ पुस्तके जवळ बाळगून ती देता येते, त्यामुळे तिची धास्ती घेण्याचे कारण नाही.

बहुतेकांच्या मनात न्यायाधीशपद असते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. एकेकाळी महाविद्यालयातून बाहेर पडताच ती देता येत असे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट पुन्हा लागू केली. ही वर्षे बार परीक्षेआधी होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजावयाची आहेत, म्हणजे बार परीक्षेच्या निकालापर्यंतचा काळ वाया जात नाही. वकिली केल्याचा दाखला मात्र त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा, आणि त्यावरही प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन, म्हणजे दुजोऱ्याची सही, हवे. प्रत्येक जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा, कारण इतर उमेदवारांकडून ऐकलेल्या अटी पुष्कळदा मागच्या भरतीच्या असतात.

ही अट मला योग्य वाटते. ज्याने साक्षीदाराला उलटतपासात गोंधळताना पाहिलेले नाही, त्याने त्याच्या जबाबाचे मोल ठरवणे कठीण आहे. पण तिचा भार नेमका कोणावर पडतो, हेही सांगितले पाहिजे. माझ्या पाहण्यातील सिन्नरकडची एक मुलगी सिनिअरकडे मन लावून काम करते. दाव्यांचे कच्चे मसुदे, निशाणी ५ चे (दाव्यातील तात्पुरत्या मनाईचे) अर्ज, मुदतीचे अर्ज, सगळे तिच्या हातचे असते. परंतु पक्षकार वकिलाला ज्याने नेमतो त्या वकालतपत्रावर नाव केवळ सिनिअरांचे आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीतही, 'वादीतर्फे वकील हजर' एवढीच नोंद. उद्या दाखला मागताना ती दाखवणार काय? म्हणून पहिल्याच महिन्यापासून वकालतपत्रावर आपले नाव व सही असावी, साधे स्थगन (पुढची तारीख) मागितले तरी हजेरी आपल्या नावाने नोंदवून घ्यावी आणि प्रकरण क्रमांक, न्यायालय व तारीख लिहिलेली स्वतःची डायरी ठेवावी.

वर्षांची हीच मागणी पुढेही आहे. सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते आणि वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश व्हावयाचे तरी सातच. नोटरीसाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षे लागतात. नवख्यांच्या नजरेतून सुटणारी एक जागा म्हणजे लोकअभिरक्षक कार्यालय. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेप्रमाणे, वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आरोपींचा बचाव तेथील पूर्णवेळ वकील करतात. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीची दहा वर्षे लागतात, पण सहायक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा वकीलही चालतो. नेमणूक कराराची असते आणि त्या काळात खाजगी वकिली करता येत नाही. तरीही फौजदारी काम शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

बँकांमधील विधी अधिकाऱ्याच्या पदासाठी कायद्याची पदवी व बार कौन्सिलची नोंदणी पुरते आणि वयाची अट २० ते ३० वर्षे असते. घरची जबाबदारी असेल तर ती नोकरी घेण्यात गैर काहीच नाही. फक्त एक नियम आधी समजून घ्यावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. रुजू होताना बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या कंपन्यांत विधी विभागात लागलेल्यांनाही हे लागू आहे. पुढे न्यायाधीशपदाचा विचार असेल, तर आधी तीन वर्षे पूर्ण करून मग नोकरी धरलेली बरी.

आपल्या जिल्ह्यात शिकण्यासारखे काम भरपूर आहे. वाटपाचे दावे, सातबाऱ्यावरील नोंदींचे वाद, समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पांच्या भूसंपादनाचे मोबदले, कामगार न्यायालयातील प्रकरणे, नाशिकरोडला विभागीय आयुक्तांपुढील महसुली कामे हे सर्व येथे आहे. या कामात मराठी मसुदा नेटका लिहिता येणे हे मोठे भांडवल आहे, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनी त्यासाठी मुद्दाम मेहनत घ्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि घरच्यांना तोच सर्वाधिक छळतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्या मुलांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत, ती या तीन वर्षांतच वकिली सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून सिनिअर निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे, यापेक्षा ते दरमहा काय देणार, वकालतपत्रावर आपले नाव घालणार का आणि साक्षीपुरावा चालू असताना शेजारी बसू देणार का, या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत नम्रपणे विचाराव्यात. दोन-तीन कार्यालयांत चौकशी करून मगच होकार द्यावा.