तुम्ही विचारलंत म्हणून: सुचतं तरी कसं?

"लेकरू एवढं आजारी असताना तुम्हाला चित्रं काढायला सुचतं तरी कसं?" प्रदर्शनात विचारतात, रक्तपेढीच्या बाकावर विचारतात, संक्रांतीच्या हळदी-कुंकवालाही विचारतात. विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात, म्हणून टाळावंसं वाटत नाही.

लेक 9 वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर. अंगात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, म्हणून दर 3 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह बाहेर पडायला वाट नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. ते उतरवायला रोज उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेली गोळी. आम्ही नवरा-बायको दोघंही 'मायनर', म्हणजे हा दोष अंगात वाहणारे, पण दिसायला धडधाकट. लग्नाआधी एक रक्ततपासणी केली असती तर कळलं असतं. आता भेटेल त्या लग्नाळू पोरा-पोरीला मी ती तपासणी करून घ्यायला सांगते, त्यांना आवडो न आवडो.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफच्या कागदावरची प्रत्येक उभी रांग म्हणजे धागे. भरलेलं घर म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक, आणि भोक असेल तिथे मागावरचं जॅकार्ड यंत्र धागा वर उचलतं. "एक घर चुकलं की प्रत्येक चादरीत तीच चूक," असं ते म्हणायचे. अक्षरं गिरवण्याआधी मी घरं भरायला शिकले.

रक्ताची पिशवी लावली की तीन-चार तास हलता येत नाही. आधी मी नुसती थेंबांकडे बघत बसायचे. एकदा सोबत नेलेल्या ग्राफवर थेंबागणिक एक घर लाल करायला घेतलं. जमेना, थेंब पुढे पळायचे. मग दहा थेंबांना एक घर धरलं. सिस्टर येऊन व्हेन बघून गेली, शेजारच्या पलंगावरचं बाळ रडून झोपलं, माझी घरं चालूच. पिशवी संपली तेव्हा कागदावर ना फूल होतं ना मोर. एक वाकडातिकडा लाल पट्टा, आणि मध्ये कोरी जागा, कारण तेवढा वेळ मी तिला भाकरी-शेंगाचटणी भरवत होते. ती कोरी जागा मी अजून भरलेली नाही. आईपणाचं माझं पहिलं चित्र ते.

त्याआधी दोन वर्षं मी काहीच काढलं नव्हतं. ती बरी झाली की काढू, असं ठरवलं होतं. थोरल्या लेकराचं एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळख, तिच्याशी जुळलं नाही आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची मोठी आशा गेली. तेव्हा लक्षात आलं, मी ज्या 'नंतर'ची वाट बघत होते, ते येणार नव्हतं. म्हणून सुचायला मला वेगळा वेळ लागत नाही. जो वेळ आहे, तो तिच्या उशाशीच आहे.

आमच्या घरच्या कॅलेंडरवर यशोदा असते, मांडीवर गुटगुटीत कृष्ण. आईची चित्रं तशीच असतात, असं मलाही वाटायचं. जवळच्या एक बाई म्हणाल्या, "लेकराच्या दुखण्याचं प्रदर्शन मांडलंयस." मी रात्रभर झोपले नाही, कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. सकाळी लेकीलाच विचारलं. तिने विचार करून सांगितलं, "माझी सुई काढायची नाही. तोंड पण नाही."

म्हणून माझ्या चित्रांत ती दिसत नाही. माझा हात दिसतो. सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबून धरलेला अंगठा, नख दाबून पांढरं पडलेलं. तो अंगठा मी किती वेळा काढला असेन! कापसाखाली रक्त थांबलंय का, ते चित्रात कळत नाही. तिथे बसलेल्या आईलाही लगेच कळत नाही.

परवा रक्त चढत असताना तिने मान वळवली. "काय काढालीस आई?" कागद दाखवला. मोकळ्या हाताचं बोट एका चौकोनावर टेकवून म्हणाली, "हे घर चुकलंय."

खरंच चुकलं होतं.