वळवणे की पळवणे? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याचा फोन असो, गोव्याचं कुणी भेटो, नाहीतर इथलाच एखादा नवा वार्ताहर बातमी लिहिताना अडलेला असो, प्रश्न ठरलेला: म्हादई नदीचं पाणी कर्नाटक ‘वळवतंय’ म्हणायचं की ‘पळवतंय’? तुम्ही बेळगावची मराठी माणसं काय लिहिता? कन्नड कागदपत्रं मराठीत करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो.

आधी ‘वळवणे’ घ्या. मुळात ‘वळणे’. लाडू वळतात, वाती वळतात, राखणी गुरं वळतो. लाडू कुणाच्या पिठाचा, हे वळणाऱ्याला कुणी विचारत नाही. ज्याच्या हातात वस्तू, त्याचा तिच्यावर अधिकार आहे, हे या क्रियापदात धरूनच चाललेलं असतं. म्हणून चोर्ला घाट बंद पडला की वाहतूक वळवतात, रुसलेल्या जावयाचं मन वळवतात, आणि सरकारी कागदावर ‘वळण बंधारा’ असतो. पळवायचं म्हटलं की मात्र मूल आठवतं, गिऱ्हाईक आठवतं, आमदार आठवतो. ती वस्तू आधी दुसऱ्याची होती, हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही. तेव्हा हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. या पाण्याच्या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाने जे ठरवायला वर्षं घालवली, ते यातला एक शब्द उचलून तुम्ही मथळ्यातच ठरवून टाकता.

पैशाच्या बाबतीत मराठीने ही प्रतवारी फार बारकाईने केली आहे. ठराव करून एका कामाचा निधी दुसऱ्या कामाला दिला तर तो वळवला. शेजारच्या मतदारसंघाने नेला तर पळवला. कुणाच्या घरात गेला तर लाटला, आणि खटला उभा राहिला की त्याचाच अपहार होतो. यात ‘वळती करणे’ निराळंच आहे. कारखान्याने उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं करून घेतलं, असं आपण म्हणतो. तिथे काहीच वाहत नाही, फक्त खतावणीतला आकडा या पानावरून त्या पानावर जातो. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतच नाही, पण ‘वळती’ म्हटलं की तक्रारीलाही जागा उरत नाही. भलता सोज्वळ शब्द आहे.

आता पाण्याकडे. म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावजवळ उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला जाते आणि कूडलसंगमला कृष्णेत मिळते. कळसा नाला कणकुंबीचाच, पण त्याची धाव म्हादईकडे. पाऊस त्याच डोंगरांवरचा, जलविभाजकाच्या कुठल्या अंगाला पडला एवढ्यावरच त्याचा समुद्र ठरतो. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी उचलून मलप्रभेत सोडायचं, ही ती योजना. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, आणि नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी दिलं. त्यात या वळवणुकीसाठी कळशाचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८, म्हणजे ३.९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. निवाड्यानंतरही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेलीच.

कन्नडमध्ये या योजनेला ‘तिरुवु योजने’ म्हणतात. तिरुवु म्हणजे वळण. मराठीत करताना मी सरळ ‘वळवणे’ लिहितो, त्यावर ‘तुम्ही सरकारची भाषा बोलता’ असं ऐकून घ्यावं लागतं. गोव्याच्या मित्राला तिथे ‘पळवणे’च हवं असतं. त्याचं दुःख खोटं नाही. पण बेळगावच्या मराठीत ‘कर्नाटक पळवतंय’ लिहिलं की पाण्याबरोबर सीमाप्रश्नही वाक्यात शिरतो, आणि खानापूरच्या जंगलाचं काय होणार, हा इथला खरा प्रश्न बाजूलाच पडतो.

माझी अडचण तिसरीच आहे. ‘वळवणे’ आता तांत्रिकदृष्ट्याही डळमळलंय. आपला शेतकरी रात्री दारं धरायला जातो तेव्हा काय करतो? एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून दार बंद करतो, पुढचं दार मोडतो, आणि पाणी उताराने आपसूक जातं. ते वळवणं. कणकुंबीजवळ खोदलेला कालवाही त्याच हिशेबाचा होता. वक्रनलिकेलासुद्धा हे लागू पडतं: नळी तोंडाने ओढून एकदा भरली की पाणी काठ चढून पलीकडे आपोआप पडत राहतं, अट एवढीच की बाहेरचं तोंड आतल्या पाण्याच्या पातळीखाली हवं. डबक्यातलं पाणी मोटर लावून काढायचं तर त्याला उपसणं म्हणतात. वीज गेली की ते थांबतं. २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने मान्य केलेल्या सुधारित आराखड्यात कळसा आणि भांडुरा या दोन्ही योजना उपसा योजना आहेत. पंप, जलवाहिनी, वीज. जुनी माणसं ‘वळणाचं पाणी वळणावरच जाणार’ म्हणतात, ते पंपाला ठाऊक नसतं.

म्हणून हल्ली बातमीत मी ‘उपसून मलप्रभेत सोडणे’ लिहितो. वाक्य लांबतं, उपसंपादक कापतो, मथळ्यात पुन्हा ‘वळवणे’च येतं. भाषणात कुणी ‘पळवणे’ म्हणालं असेल तर ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं ठेवतो, कारण तो वक्त्याचा शब्द, माझा नव्हे. आणि गोव्याहून मजकूर आला, त्यात ‘म्हादई पळवली’ असं भूतकाळात असलं, तर तेवढं मात्र हटकून ‘पळवणार’ करायला सांगतो.