चोवीस नंबरचा रकाना

अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी दर शनिवारी लोकांना फॉर्म भरायला मदत करते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिथल्या पार्किंगमध्ये एक जुनी व्हॅन महिनाभर उभी होती. वाचनालयाचं दार उघडलं की व्हॅनचा मालक आत यायचा, बाथरूममध्ये दाढी करायचा आणि हीटरच्या जाळीजवळच्या खुर्चीत बसायचा. त्याची कुत्री व्हॅनमध्ये गोधडीखाली असायची. दर अर्ध्या तासाला बाहेर जाऊन तिला बघून यायचा.

एका शनिवारी तो एसएफ-१८०, म्हणजे सैन्यातली जुनी कागदपत्रं मागवायचा फॉर्म, घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याला त्याचा डीडी-२१४ हवा होता. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडताना मिळणारा हा दाखला. माजी सैनिकाला घर, दवाखाना, कर्ज, अगदी सैनिकी दफनभूमीतली जागा हवी असली तरी आधी हा कागद दाखवावा लागतो. त्याचा कागद एका निवाऱ्यात झोपला असताना बॅगेसकट चोरीला गेला होता.

माझे आण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याच्या घरी त्यांचं डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला. आण्णा गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन सुरू करताना त्या पुस्तकाची किंमत मला कळली. त्यामुळे समोरच्या माणसाचं नेमकं काय हरवलंय, हे मला सांगावं लागलं नाही.

फॉर्म भरत आलो आणि तो एका रकान्यापाशी थांबला. दाखला कुठल्या पत्त्यावर पाठवायचा? कागदाशिवाय घर नाही आणि घराशिवाय कागद यायला जागा नाही. मी माझ्या घरचा पत्ता लिहिला. मग अजून एक प्रश्न आला. दाखल्याची पूर्ण प्रत हवी की काही रकाने गाळलेली? त्याने गाळलेलीवर खूण केली. मी का ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

अर्ज सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला गेला, माजी सैनिकांच्या फायली तिथे असतात. तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती, १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, हे वाचून मी धास्तावले होते. पण त्या फायली १९६४ च्या आधी सैन्य सोडलेल्यांच्या. हा २००३ मध्ये इराकला गेलेला. काही आठवड्यांनी पाकीट आमच्या टपालपेटीत पडलं. ते घेऊन आम्ही घरासाठी एका कार्यालयात गेलो. बाईंनी कागद पाहिला आणि परत सरकवला. गाळलेली प्रत चालत नाही.

त्या दिवशी व्हॅनपाशी उभं राहून त्याने सांगितलं. दाखल्यात चोवीस नंबरचा रकाना असतो, सेवेचं स्वरूप. तिथे त्याच्या नावापुढे ‘अदर दॅन ऑनरेबल’ लिहिलंय, म्हणजे सन्मानाने सुटका नाही. इराकहून आल्यावर झोप गेली, दारू लागली, ड्यूटीवर जाणं बंद झालं आणि २००५ मध्ये त्याला काढलं. गाळलेल्या प्रतीत तो रकाना येत नाही. वीस वर्षं तो लोकांपासून तोच एक रकाना लपवत होता.

पुन्हा अर्ज, या वेळी पूर्ण प्रतीसाठी. ती आल्यावर त्याच कार्यालयात त्याच बाईंनी चोवीस नंबरवर पेन ठेवून नकारार्थी मान हलवली. परतताना गाडीत तो एक शब्दही बोलला नाही. माझा मात्र संताप झाला होता. युद्धावर पाठवताना कुणी त्याचा रकाना तपासला नव्हता.

व्हेटरन्स कम्युनिटी प्रोजेक्टचं नाव मला वाचनालयातल्याच एका सहकारी बाईंनी सांगितलं. कॅन्सस सिटीत ट्रूस्ट अ‍ॅव्हेन्यूवर माजी सैनिकांनीच उभारलेली ही वसाहत. या शहरात काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या ज्या रस्त्याने वेगळ्या केल्या, तोच हा ट्रूस्ट. पहिली १३ घरं २०१८ मध्ये भरली, आता ४९ आहेत. एकट्यासाठी २४० चौरस फूट, कुटुंबासाठी ३२०. सैन्याची शपथ घेतलेल्या कुणालाही दार उघडं, सुटका कशी झाली याला महत्त्व नाही.

तिथल्या ऑफिसात तो दाखला उलटा धरून बसला होता, लिहिलेली बाजू मांडीकडे. समोरचा माणूस स्वतः फौजेतला. त्याने विचारलं ते कुठल्या तुकडीत होतास, कधी होतास, आणि कुत्रीचं नाव काय. कुत्रीचं नाव विचारल्यावर याने कागद सरळ केला.

लगेच घर मिळालं नाही. यादी होती, मुलाखती होत्या, आणि मधल्या थंडीच्या लाटेत मी रात्री उठून फोनवर तापमान बघत बसायचे. २०२४ च्या जानेवारीतल्या मोजणीत देशभरात ३२,८८२ माजी सैनिक बेघर निघाले. मला त्या आकड्यात एक व्हॅन दिसत होती.

मार्चमध्ये किल्ली मिळाली. घर म्हणजे एकच खोली, पण त्यात सगळं. पलंगावर चादर घातलेली, कपाटात ताटल्या, शेगडीवर नवं पातेलं. घर सोडताना हे सामान बरोबर न्यायचं, कारण पुढच्या भाड्याच्या घरात रिकाम्या हाताने कुणी जाऊ नये. त्याने पहिल्यांदा पलंगावर बसून पाहिलं. पाठ भिंतीला, समोर दार, कुठलाही कोपरा नजरेआड नाही. मग उठून आतून कडी लावली, काढली, परत लावली. निवाऱ्यात चाळीस जणांत झोपताना बूट उशाखाली ठेवावे लागायचे, हे त्याने मला तेव्हा सांगितलं.

चोवीस नंबरचा रकाना बदलता येतो. सुटकेला पंधरा वर्षं उलटून गेली की डीडी-१४९ फॉर्म भरून सैन्याच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज करायचा. गेल्या महिन्यात आम्ही तो भरायला बसलो, या वेळी त्याच्या टेबलावर. मजकूर मी लिहीत होते. पत्त्याचा रकाना आला तेव्हा त्याने माझ्या हातून पेन घेतलं.