जामीनदाराची सही

सही करायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती. सहकाऱ्याला कर्ज हवं होतं, जामीनदार कमी पडत होता. "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला आणि मीही तसंच समजले. चार वर्षांनी नोटीस आली. तिच्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव होतं, तितक्याच ठळक अक्षरांत. त्या दिवशी मी हमीपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. सातव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच राहील. पुढचे सतरा महिने हप्ता माझ्या पगारातून गेला.

पैशांपेक्षा मला वेगळी गोष्ट लागली. माझं सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. सार्वजनिक संस्थांच्या ताळेबंदामागे एक परिशिष्ट असतं, त्यात दिलेल्या हमींची यादी असते, आणि ती यादी मी वर्षानुवर्षं तपासत आले होते. रकमा जुळल्या की पान उलटायचं. त्या रकमांच्या मागे काय असतं ते मला माझ्या पगाराच्या पावतीवर कळलं.

सरकारांना हमी इतकी आवडते याचं कारण सरळ आहे. कर्ज दिलं तर तिजोरीतून पैसा आज जातो, अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर भांडण होतं. हमी दिली तर आज काहीच जात नाही. रोखीच्या हिशेबात ती शून्य. पण हमी मागायला येतो कोण? ज्याला स्वतःच्या जोरावर कर्ज मिळत नाही तोच. म्हणजे ती भरावी लागण्याची शक्यता मुळातच कमी नसते. शिवाय मागे सरकार उभं आहे म्हटल्यावर कर्ज देणाराही कर्जदाराची चौकशी करायचं सोडून देतो. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून यातली एक पळवाट बंद केली. हमी देतानाच तिच्यातून होणाऱ्या अपेक्षित तोट्याचा अंदाज काढायचा आणि तो त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात धरायचा. शंभराच्या कर्जाला हमी दिली, बुडण्याची शक्यता दहात एक असली आणि बुडाल्यावर निम्मे वसूल होणार असले, तर पाच आजच खर्ची टाका. इतकं साधं गणित. ते केलं की फुकट वाटणाऱ्या कितीतरी हमी महाग दिसायला लागतात.

आयर्लंडची गोष्ट मी कुणालाही सांगते. २९ सप्टेंबर २००८, सोमवार. बँकांचे शेअर कोसळलेले. त्या रात्री मोजकी माणसं एका खोलीत बसली, बाकीच्या मंत्र्यांची संमती फोनवर घेतली गेली, आणि सकाळी जाहीर झालं की सहा बँकांच्या देण्यांना दोन वर्षं सरकारची हमी. ही देणी होती सुमारे ४४० अब्ज युरोंची, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहूनही जास्त. धरून चाललेली गोष्ट एकच, की बँका मुळात भक्कम आहेत, फक्त रोख अडकली आहे. प्रत्यक्षात बांधकाम व्यावसायिकांना दिलेली कर्जंच सडली होती. पुढे बँका सावरायला सुमारे ६४ अब्ज युरो ओतावे लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये देशालाच ८५ अब्जांच्या मदत योजनेवर यावं लागलं, आणि त्यातले १७.५ अब्ज तर आयर्लंडच्याच गंगाजळीतले आणि पेन्शनसाठी राखलेल्या निधीतले होते. ज्यांनी त्या बँकांकडून एक पैसाही कर्ज घेतलं नव्हतं, त्यांचे पगार कापले गेले. त्या लोकांबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्यांनी तर सहीसुद्धा केली नव्हती.

आणि याच्या बरोबर उलटंही घडलं आहे. २६ जुलै २०१२ ला लंडनमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी म्हणाले की युरो टिकवण्यासाठी जे लागेल ते करू. सप्टेंबरमध्ये सरकारी रोखे खरेदीची योजना जाहीर झाली. तिच्याखाली आजवर एक युरोही खर्च झाला नाही, तरी स्पेन आणि इटलीच्या कर्जांवरचे चढलेले व्याजदर उतरले. दोन्हीकडे शब्दच दिला होता. फरक हा, की युरो छापणं त्या बँकेच्याच हातात होतं. आयर्लंडच्या सरकारच्या हातात ते नव्हतं.

पैशाच्या हमीत निदान वसुलीची सोय असते. माझा पगार कापता आला. देशांच्या बाबतीत पगार कापणारं कुणी नाही. तिथे ऐपतीच्या जोडीला इच्छा लागते, आणि इच्छा आधी तपासायची कशी? ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडला हमी दिली. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसली, ३ तारखेला ब्रिटनने युद्ध पुकारलं. शब्द पाळला. पण पश्चिमेकडून जर्मनीवर मोठा हल्ला काही झाला नाही आणि पोलंड साधारण पाच आठवड्यांत संपला.

म्हणून मला वाटतं, सुरक्षेची हमी वाचताना कागदाआधी तारण बघावं. दक्षिण कोरियात अमेरिकेचे साधारण २८,५०० सैनिक राहतात. उत्तरेचं सैन्य एकट्याने थोपवायला ते पुरणार नाहीत, पण हल्ला झालाच तर पहिल्या तासापासून अमेरिकी माणसं त्यात असतील. दोघांच्या १९५३ च्या संरक्षण करारापेक्षा हे तारण मोठं आहे. नाटो या लष्करी युतीचं पाचवं कलम लोक समजतात तितकं कडक नाही. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, पण त्यावर प्रत्येक देशाने 'आवश्यक वाटेल ती' कारवाई करायची, एवढंच ते म्हणतं. ते आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर. सगळ्यांना जामीन राहिलेल्या देशासाठीच.

युक्रेनला दिलेल्या वचनांचा बुडापेस्टचा करार मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ५ डिसेंबर १९९४. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. तो सोडण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखण्याचं वचन दिलं. करारात मोजून सहा कलमं. इंग्रजी प्रतीत अमेरिकेने मुद्दाम 'आश्वासन' या अर्थाचा शब्द ठेवला, हमीचा नाही, कारण हमी म्हटलं की सैन्य पाठवायची बांधिलकी येते. युक्रेनियन प्रतीत मात्र हमीचाच शब्द आहे. एकाच कागदाचे दोन वाचक, आणि प्रत्येकाला हवं ते त्यात सापडलं. चौथं कलम सुरक्षा परिषदेकडे जायचं सांगतं, तेही अण्वस्त्रांनी हल्ला झाला किंवा तशी धमकी आली तरच. सहावं सांगतं, वचनांबद्दल प्रश्न उद्भवला तर सल्लामसलत करू. या सहाव्या कलमापाशी माझी पेन्सिल थांबली. 'करू' या क्रियापदाच्या मागे फक्त सल्लामसलत होती.

१९९६ पर्यंत सगळी अस्त्रं रशियात पोचली. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला. ५ मार्चला त्याच सल्लामसलतीसाठी अमेरिका, ब्रिटन आणि युक्रेनचे परराष्ट्रमंत्री पॅरिसमध्ये बसले. रशियाचे मंत्री त्या शहरात असूनही बैठकीला आले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण युद्धच सुरू झालं.

माझी नोटीस मी अजून कपाटात ठेवली आहे. कर्ज फिटलं, तिचा काही उपयोग नाही, तरी फाडवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, कराराला तीस वर्षं होत असताना, युक्रेनचे परराष्ट्रमंत्री ब्रसेल्सला नाटोच्या बैठकीला गेले. तो बुडापेस्टचा कागद त्यांनी सोबत नेला होता, सगळ्यांना दाखवायला.