सरकी पेंड, अफलाटॉक्सिन आणि माझी पीएच.डी.

सरकी पेंडीच्या पोत्यातून नमुना कसा काढायचा, हे शिकण्यातच माझ्या पीएच.डी.चा सुरुवातीचा बराच काळ गेला. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवायला त्यामानाने लवकर शिकले. पशुखाद्यातल्या अफलाटॉक्सिनवर काम करायचं म्हणून अधूनमधून मुलं-मुली फोन करतात आणि पहिला प्रश्न यंत्राचा विचारतात: कुठला कॉलम, कुठला डिटेक्टर. मी त्यांना पोत्याचं सांगायला लागले की त्यांचा हिरमोड झालेला आवाजावरून कळतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या बुरश्या भुईमूग, मका, सरकी, मिरची अशा मालावर वाढतात आणि अफलाटॉक्सिन हे विष तयार करतात. त्याचे बी१, बी२, जी१, जी२ असे प्रकार आहेत. त्यातलं बी१ सर्वांत घातक. त्याने यकृताचा कर्करोग होतो हे पक्कं ठरलेलं आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले आणि माग काढता काढता तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. तिथून या विषाचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत आदिवासी कुटुंबांनी बुरशी लागलेला मका खाल्ला, आणि काविळीने शंभरावर माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती कुत्री जात नाहीत. माणसाच्या काविळीला आपल्याकडे शंभर कारणं सापडतात, पण माणूस आणि कुत्रं एकदमच मरतात तेव्हा ताटाकडे बघावंच लागतं.

माझ्या गाइडना मका हवा होता. मी सरकी पेंडीवर अडून बसले. फलटण, माळशिरस, बारामती या पट्ट्यात संकरित गाईंचा असा गोठा नाही जिथे सरकी पेंडीचं पोतं नाही. रात्री भिजत घालायची, सकाळी धारेच्या वेळी अंबोणात द्यायची. आणि पेंडीचा प्रश्न गाईपाशी थांबत नाही. पोटात गेलेल्या बी१चा काही भाग यकृतात बदलून एम१ या रूपात दुधात उतरतो, साधारण एक ते तीन टक्के. गाय दिवसाला पाच किलो खुराक खाते आणि त्यात बी१ आहे २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम, असं धरा. पशुखाद्याच्या भारतीय मानकात मर्यादा तेवढीच आहे. म्हणजे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम विष पोटात गेलं. त्यातलं दोन टक्के म्हणजे दोन मायक्रोग्रॅम दुधात आलं आणि गाय दहा लिटर देत असेल तर लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम झालं. आपली दुधाची मर्यादा ०.५ आहे, म्हणून हे दूध पास. युरोपात मर्यादा ०.०५ आहे, तिथे तेच दूध चौपट नापास. पेंड ६० पीपीबीची निघाली तर आपल्याकडेही नापास. आणि उकळून काही उपयोग नाही, हे विष उकळीला दाद देत नाही.

हे गणित मी सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मांडलं होतं. त्याच सुमाराला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या दूध सर्वेक्षणाचे आकडे बाहेर आले: ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये एम१ मर्यादेपेक्षा जास्त. आतापर्यंत दुधात पाणी आणि युरिया याच गोष्टींची चर्चा व्हायची. भेसळ म्हटलं की कुणीतरी बदमाश समोर उभा करता येतो. इथे कुणीच काही मिसळलेलं नव्हतं. कमिटीने विषय मंजूर केला.

मग नमुने. पहिल्याच दुकानात विचारणा झाली, "मॅडम, एफडीएकडून आलाय का?"

"नाही, कॉलेजमधून."

"मग कॉलेजला कशाला पाहिजे आमची पेंड?"

त्याची शंका रास्त होती. पेंडीत विष सापडलं असं गावात झालं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार, आणि शेजारच्यानेही माल त्याच गिरणीतून आणलेला असणार. गोठ्यांवर वेगळी भीती. एका काकांनी चहा पाजला, गाई दाखवल्या, वासराचं नाव सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, रिपोर्ट खराब आला आणि डेअरीत कळलं, तर दूध बंद होईल आमचं. तुमची डिग्री होईल, आम्ही काय करायचं?"

याला माझ्याकडे तोंडी उत्तर नव्हतं, म्हणून कागदावर दिलं. नमुन्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त कोड. कोडची यादी गाइडच्या कपाटात. निकाल फक्त त्या कुटुंबाला सांगायचा. आणि जेवढी पेंड घेऊ तेवढी नवी पेंड वजन करून परत द्यायची. ही शेवटची अट सगळ्यांत जास्त कामी आली. पाच किलो पेंड फुकट कोण देईल? पण त्यामुळे हिशेब विभागात गंमत झाली. प्रकल्पाच्या बिलांत रसायनं, कॉलम, हातमोजे आणि मधूनच सरकी पेंडीची पोती. "हे जनावरांना घातलं का?" असा शेरा मारून बिल परत आलं. "नाही, शेतकऱ्यांना दिली," हे उत्तर त्यांना जास्तच संशयास्पद वाटलं.

आता पाच किलोच का? मूठभर का नाही? या विषयाचा सगळा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबते. अफलाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. बुरशी काही दाण्यांवर लागते आणि त्या दाण्यांत विष अफाट असतं. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीच्या वर सापडल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा दहा किलो स्वच्छ मालात पडला, तर सगळ्या मालाची सरासरी ५० पीपीबी होते. तो दाणा तुमच्या मुठीत आला तर लॉट भयानक, नाही आला तर लॉट शुद्ध. दोन्ही निकाल यंत्राच्या दृष्टीने अचूक, आणि दोन्ही खोटे. म्हणूनच प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी, २० किलोचा नमुना सांगितला आहे. पेंडीत बी भरडलं गेल्यामुळे परिस्थिती थोडी बरी असते, पण नंतर साठवणीत ओल लागली की पुन्हा तेच: भिंतीला टेकलेल्या बाजूला गोळे, मध्ये कोरडी ठणठणीत.

मी पोत्याचं तोंड, मध्य, बूड, चारही कडा अशा ठिकाणी टोकदार नळी खुपसून थोडी थोडी पेंड काढायचे. घरात तीन पोती असतील तर तिन्हीतून. शेतकरी आपणहून वरची, चांगली दिसणारी ओंजळ पुढे करतात. त्यात लबाडी नसते, पाहुण्याला चांगलं ते द्यायचं एवढंच. "खालची द्या ना काका," म्हटलं की ते ओशाळायचे. प्रत्येक पोत्याशी आर्द्रता, पोतं जमिनीवर की फळीवर, छप्पर गळतं का, एवढं लिहून घ्यायचे. डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीवर मात्र मी भरवसा ठेवला नाही. हिरवट थर असून विष नगण्य, असं होतं. बुरशी झटकून, वाळवून स्वच्छ केलेल्या मालात विष तसंच, असंही होतं.

पुढची पायरी कुटणे. पाच किलो गोळा केली आणि त्यातली वरची पंचवीस ग्रॅम उचलली तर गोळा केल्याचा उपयोग काय? सगळी एकसारखी बारीक व्हायला हवी. सरकी पेंडीच्या चिपा घरगुती मिक्सरला ऐकत नाहीत. कुणीतरी सुचवलं, गावातल्या गिरणीत दळून घे. गिरणीवाल्याने साफ नकार दिला, "ताई, याच जात्यावर लोकांची ज्वारी पडते." मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. अन्नसुरक्षेची इतकी चांगली व्याख्या मला कुठल्या कोर्सवर्कमध्ये मिळाली नव्हती. शेवटी विभागातली जुनी हॅमर मिल दुरुस्त करून घेतली. दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ तांदूळ दळून मिल धुतल्यासारखी करायची, तो तांदूळही फेकायचा. ही धूळ नाकात जाऊ द्यायची नसते. मास्क, चष्मा, हातमोजे घालून मे महिन्यात त्या खोलीत उभं राहणं ही वेगळीच तपश्चर्या. मग ढीग करायचा, चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा ढीग.

प्रयोगशाळेतलं काम पुस्तकात असतं तसंच आहे, ते भराभर सांगते. आधी एलायझा या झटपट चाचणीने चाळणी, मग संशयित आणि काही निवडक नमुने इम्युनोअफिनिटी कॉलमवरून (विषाला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी भरलेली नळी) एचपीएलसीला. मिथेनॉल-पाण्यात अर्क काढायचा, गाळायचा, बफरने पातळ करायचा, कॉलममधून थेंब थेंब सोडायचा. घाई केली तर अँटिबॉडीला विष पकडायला वेळ मिळत नाही, आणि मिथेनॉल जास्त राहिलं तर तिची पकड सुटते. बी१ आणि जी१ ही दोन्ही पाणी मिसळलेल्या द्रावणात फिकी चमकतात, म्हणून एचपीएलसीच्या कॉलमनंतर यूव्ही दिव्याभोवती गुंडाळलेल्या नळीतून न्यायची, म्हणजे चमक वाढते. पडद्यावर जी२, जी१, बी२ आणि सगळ्यांत शेवटी बी१. नेमकं जे हवं तेच शेवटी. काचसामान ब्लीचच्या द्रावणात भिजवल्याशिवाय सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. बरण्या तपकिरी काचेच्या, कारण उजेडात हे विष विरघळवलेल्या अवस्थेत टिकत नाही.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पद्धत बरोबर चालते हे दाखवायला निर्विष पेंड लागते. तिच्यात मोजून विष घालायचं आणि किती परत मिळतं ते बघायचं. निर्विष सरकी पेंड मिळेना! जी आणावी तिच्यात थोडंफार बी१ असायचंच. शेवटी यवतमाळकडच्या एका जिनिंगमधून हंगामाच्या सुरुवातीची कोरडी सरकी मिळवली आणि विभागातल्या छोट्या घाण्यावर पेंड काढली. ती स्वच्छ निघाली. तरी घातलेल्यातलं पुरेसं परत येत नव्हतं. सरकीच्या अर्काला गॉसिपॉल आणि इतर रंगद्रव्यांमुळे काळपट पिवळा रंग येतो, तो कॉलमवर बसायचा. अर्क जास्त पातळ केला, थोडं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) टाकलं, काचतंतूच्या कागदातून पुन्हा गाळला, तेव्हा आकडे ७० ते ११० टक्क्यांच्या मान्य पट्ट्यात आले. त्या दिवशी विभागात पेढे वाटले. गाइड म्हणाले, "अजून एकही खरा नमुना चालवलेला नाहीस."

खरे नमुने चालवल्यावर जे दिसलं ते अपेक्षेच्या फार बाहेर नव्हतं: पावसाळ्यात वाईट, जमिनीवर टेकलेल्या पोत्यांत आणखी वाईट. मुद्दाम काही पोत्यांचे वरचे आणि बुडाचे नमुने वेगळे चालवले होते. एकाच पोत्याचं तोंड स्वच्छ आणि बूड मर्यादेच्या कितीतरी वर, असे जोड मिळाले. माझ्या मते प्रबंधातलं सर्वांत मोलाचं पान तेच, आणि पेपर पाठवला तेव्हा एका परीक्षकाने तेच काढून टाकायला सुचवलं होतं. आम्ही काढलं नाही.

निकाल सांगायला परत गोठ्यांवर गेले. हा भाग कुठल्याच सिनॉप्सिसमध्ये नसतो. "मग हे दूध आम्ही प्यायचं का नाही?" पेंड बदलली की तीन-चार दिवसांत दुधातलं एम१ उतरतं, हे सांगताना बरं वाटायचं, कारण लगेच करता येण्यासारखं तेवढंच होतं. पोती फळीवर आणि भिंतीपासून लांब ठेवा, पावसाळ्यात जास्त साठवू नका, गोळे झालेली पेंड टाका. टाका म्हटलं की हसायचे. "टाकून कोण देतं ताई? भाकड गाईला घालतो, नाहीतर कोंबड्यांना." भाकड गाईच्या दुधाचा प्रश्न नाही, पण यकृत तिलाही आहे, आणि कोंबड्या-बदकं तर या विषाला जनावरांपेक्षा हळवी. एकाने विचारलं, दुकानदार बाइंडर म्हणून पुडी देतो ती घालू का. बेंटोनाइटसारखी माती बी१ला धरून ठेवते हे खरं, म्हणून घाला म्हटलं. पण कुजकी पेंड खपवायला ती पुडी नको, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. काय केलं असेल कुणास ठाऊक.

व्हायवा सुरळीत झाला. त्यानंतर उरली उरलेली पेंड. दळलेले नमुने फ्रीजरमध्ये, न दळलेली काही पोती गोडाऊनमध्ये. विभागातले मामा म्हैस पाळतात. त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं की एवढी पेंड जाळायची म्हणजे पाप आहे. त्यांना बदली देण्यासाठी आणलेल्या नव्या पेंडीतलं शिल्लक पोतं दिलं आणि बाकीची इन्सिनरेटरला पाठवली. नो ड्यूजच्या फॉर्मवर स्टोअरची सही तेवढी राहिली होती. स्टोअरकीपरने रजिस्टर उघडून विचारलं, "पेंडीची पोती खरेदीला दिसतात. ही कन्झ्युमेबलला दाखवू की डेडस्टॉकला? डेडस्टॉक असेल तर परत जमा करावी लागेल."