पंप कोणता घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

"भाऊ, हवा माराले पंप कोन्ता लेऊ? सस्ता पाह्यजे, पन टिकनारा." धुळे, अमळनेर, भुसावळ, कुठेही चार सायकलवाले जमले की हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण त्याआधी एक उलट प्रश्न विचारावा लागतो: तुमच्या सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह कोणता आहे?

आपल्याकडे तीन प्रकार फिरतात. काळ्या, साध्या सायकलला असतो तो डनलॉपचा व्हॉल्व्ह. आत पितळी कांडी आणि तिच्यावर चढवलेली रबराची नळी, म्हणजे दुकानात मागतात ती वालट्यूब. दुसरा मोटरसायकलसारखा जाड, आत खिळा असलेला श्रेडर. जाड टायरच्या गियरवाल्या सायकलींना बहुतेक हाच असतो. तिसरा बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा. तो पातळ टायरच्या महागड्या सायकलींना असतो. त्याची चकती आधी सैल करावी लागते, नाहीतर कितीही दाबा, हवा आत जात नाही. श्रेडरचं तोंड असलेल्या पंपाने प्रेस्टात हवा भरायची तर पितळी ॲडॅप्टर लावा. तो मिळतो थोडक्या पैशांत आणि हरवतोही लगेच, म्हणून दोन घ्या. डनलॉपला चिमट्याचं तोंड लागतं, किंवा प्रेस्टाचं तोंडही बसतं.

व्हॉल्व्ह कळला की पंपाला दाब दाखवणारा काटा हवा की नको हे ठरतं, आणि पैसे इथेच वाचतात. डनलॉपच्या व्हॉल्व्हमधून हवा फक्त आत जाते. रबराच्या नळीमुळे ती उलट पंपाकडे येत नाही. त्यामुळे काट्याला टायरमधला दाब कळतच नाही. रबर उचलायला लागलेला दाब धरून तो जास्तीचा आकडा दाखवतो. मग काळ्या सायकलसाठी काट्याचे पैसे का मोजायचे? बिनकाट्याचा लोखंडी पंप घ्या. सायकलवर बसल्यावर मागचा टायर जमिनीला जरासा पसरला पाहिजे, रिमपर्यंत बसता कामा नये. एवढा अंदाज पुरतो.

श्रेडर आणि प्रेस्टाला मात्र काटा घ्याच. पंपावर 160 किंवा 200 पौंड (म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब) लिहिलेलं बघून भुलू नका. तो आकडा काट्याच्या तबकडीवर छापलेला असतो, तुमच्या हातात तेवढा जोर असेलच असं नाही. तबकडी 160 पर्यंतची आणि तिच्यात पूर्ण मापाच्या 3 टक्के चूक धरली, तर फरक जवळपास 5 पौंडांचा पडतो. 100 पौंडांच्या टायरला तो चालून जातो, 35 पौंडांच्या जाड टायरला खटकतो. जाड टायरवाल्याने 100 पर्यंतची, मोठ्या आकड्यांची तबकडी शोधावी.

आता नळकांडं. स्वस्त पंपातली खरी फसगत इथे होते. दांडा खाली दाबायला किती जोर लागेल हे नळकांड्याच्या आतल्या व्यासावर ठरतं. आतून 32 मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण 8 चौरस सेंटिमीटर. 50 पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो, तेव्हा हातावर 28 किलोचा भार येतो. 100 पौंडांना 56 किलो. हेच नळकांडं आतून 42 मिलिमीटर घेतलं, मोटरसायकलच्या पंपात असतं तसं, तर 50 पौंडांना 49 किलो आणि 100 पौंडांना 97 किलो. साठ किलोचा माणूस त्यावर पूर्ण ओणवा झाला तरी दांडा खाली जायचा नाही. दुकानदार म्हणतो, "हा घ्या, चार दणक्यांत भरतो." जाड टायरपुरतं त्यात तथ्य आहे. 26 इंची, दोन इंच जाड टायर 45 पौंडांपर्यंत भरायला बारीक पंपाचे पस्तीस-चाळीस दणके लागतात, जाड पंपाचे वीस-पंचवीस. पण घरात शाळेत जाणारी पोरं स्वतः हवा भरणार असतील, तर बारीकच घ्या. दणके जास्त लागतील, पण त्यांच्या वजनाला झेपतील.

दुकानात व्यास मोजायला सुतळी पुरते. नळकांड्याभोवती एक वेढा घ्या. 11 सेंटिमीटर भरला तर बाहेरून 35 मिलिमीटर, म्हणजे आतून साधारण 32. 14 भरला तर तो मोटरसायकलचा पंप समजा.

आणखी एक परीक्षा तिथल्या तिथे होते. दांडा वर ओढा, नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा खाली रेटा. तो स्प्रिंगसारखा वर उसळला पाहिजे. सुळकन खाली बसला तर वायसर, म्हणजे दांड्याच्या टोकाची हवा दाबणारी वाटी, गळतोय. पाय ठेवायची पट्टी लोखंडी आणि रुंद हवी. प्लास्टिकची पट्टी मुळाशी तडकते, आणि ती तडकली की बाकीचा पंप कितीही चांगला असो, भंगारात जातो. नळी मीटरभर लांब हवी, म्हणजे व्हॉल्व्ह वर असला तरी पोचते. ती पंपाला क्लिपने आवळलेली हवी, कारण नुसत्या चिकटवलेल्या जोडातून नळी उन्हाळ्यात निसटते.

किमतीचं म्हणाल तर बिनकाट्याचा साधा पंप साधारण तीन ते सहाशेत मिळतो, काट्याचा चांगला आठशे ते पंधराशेत. त्यावर पैसे घालायचे तर एकाच कारणासाठी: वायसर, तोंडाचं रबर आणि नळी सुटी मिळत असेल तर. सुटे भाग न मिळणारा दोन हजारांचा पंप आमच्या हिशेबाने महागच.

पेट्रोल पंपावर मशीन आहे की, मग विकत कशाला? ती हवा मोटारीच्या टायरसाठी असते. सायकलच्या टायरचं पोट जेमतेम तीन-चार लिटरचं, काही सेकंदांत ट्यूब फुटू शकते. शिवाय तिथलं तोंड फक्त श्रेडरला बसतं.

किती भरायची? टायरच्या कडेवर उठवलेला आकडा बघा. जाड टायरला साधारण 35 ते 60, पातळ रेसिंगला 80 ते 110. मागे थोडी जास्त, डबल सीट असेल तर आणखी थोडी, पण छापलेल्या मर्यादेत. हवा कमी ठेवली तर दगडावर आदळताना ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. बाभळीच्या काट्याचं भोक एकच असतं, त्यावरून दोष हवेचा की काट्याचा ते कळतं. वैशाखात पहाटे 25 अंशांवर 60 पौंड भरली, तर दुपारी 45 अंशांवर ती 65 होते. एवढ्याने धड टायर फुटत नाही. फुटते ती जुनी ट्यूब, जिच्या ठिगळाचं सोल्युशन उन्हाने मऊ पडलेलं असतं.

हवा दोन दिवसांत उतरली की लोक पंपाला शिव्या घालतात. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर डनलॉपमध्ये वालट्यूब कडक झालेली असते. आमच्याकडच्या उन्हात हे नेहमीचंच, नवीन वालट्यूब काही रुपयांत मिळते.

पंप बिघडतो तो तीन ठिकाणी. दांडा आपोआप वर येत असेल तर बुडातला एकमार्गी व्हॉल्व्ह मातीने उघडा राहतो. काळ्या मातीची बारीक धूळ इथे शिरते, खोलून पुसली की काम होतं. दाबताना जोरच लागत नसेल तर वायसर सुकलाय. वरची टोपी उघडा, दांडा काढा, चामड्याच्या वाटीची कड बोटाने बाहेर फाकवा आणि एरंडेलाचे चार थेंब चोळा. खायचं शेंगदाणा तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. रबराच्या वायसरला इंजिन ऑइल लावू नका, ते कुठलं रबर आहे आपल्याला ठाऊक नसतं आणि काही रबरं त्याने फुगतात. तिथेही एरंडेल चालतं. तोंडातून हवा फुसफुसत असेल तर आतलं रबर काढून उलटं बसवा, बहुतेक वेळा आणखी काही महिने निघतात.

नळकांडं खाली गरम झालं तर घाबरू नका, हवा दाबली की तापते. मात्र प्लास्टिकच्या तोंडाच्या पंपाने पातळ टायर भरताना मध्ये मिनिटभर थांबा. आणि पंप ओसरीवर उन्हात उभा करून ठेवू नका. आत, दाराआड, दांडा खाली दाबून ठेवा, म्हणजे दांड्यावर धूळ बसत नाही.